एचपीव्ही १६चे व्हेरिएंट आणि गर्भाशयमुखाच्या आजाराची तीव्रता: सोलापुरात अभ्यास करायचा तर

रेसिडेंट_सोलापूर

नमस्कार मंडळी. पॅथॉलॉजीच्या एमडी प्रबंधासाठी विषय ठरवतोय: एचपीव्ही १६ (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) याच्या ई६ जनुकातला ३५०जी बदल आणि सीआयएनची (मुखावरच्या कर्करोगपूर्व बदलांची) श्रेणी यांचा संबंध. शहर, अक्कलकोट, मोहोळ आणि दक्षिण सोलापूर इथल्या रुग्णांचे नमुने मिळू शकतात. जुने पॅराफिन ब्लॉकही (मेणात जपलेले बायोप्सीचे तुकडे) आहेत. या विषयावर पक्कं काय ठाऊक आहे, नमुने कसे घ्यायचे आणि कुठे हमखास चुकतं, हे जाणकारांनी सांगावं. गाईडकडे आराखडा द्यायच्या आधी सगळं स्पष्ट हवंय.

जनुकवाचक

विषय चांगला आहे, पण ‘३५०जी’ या एका अक्षरावर प्रबंध उभा करू नका. कारण सांगतो.

एचपीव्हीचे ‘प्रकार’ एल१ या कवचाच्या जनुकावरून ठरतात. तिथे १० टक्क्यांहून जास्त फरक असला की वेगळा प्रकार. एकाच प्रकारात पूर्ण जनुकसंच १ ते १० टक्के वेगळा असेल तर वेगळा वंश, आणि ०.५ ते १ टक्का असेल तर उपवंश. एचपीव्ही १६चा जनुकसंच साधारण ७,९०० बेसचा (अक्षरांचा) आहे, म्हणजे दोन वंशांत निदान ७०-८० जागी तरी अक्षर वेगळं असतं. १६चे चार वंश आहेत: ए, बी, सी, डी. ए१ ते ए३ म्हणजे जुन्या लेखांतले ‘युरोपियन’, ए४ म्हणजे ‘आशियाई’, बी आणि सी ‘आफ्रिकन’, आणि डीमध्ये ‘आशियाई-अमेरिकन’ व ‘उत्तर अमेरिकन’. या नावांवर जाऊ नका. आपल्याकडच्या बायकांमध्ये बहुतांशी ‘युरोपियन’ ए वंशच सापडतो, ‘आशियाई’ ए४ हा मुख्यतः चीन-जपानकडचा.

आता ३५०. इथे टीच्या जागी जी आला की ई६ प्रथिनातल्या ल्युसिनच्या जागी व्हॅलिन येतं. याला कुणी एल८३व्ही लिहितं, कुणी एल९०व्ही. बदल एकच, मोजणी वेगळी. ई६मध्ये सुरुवातीचे दोन एटीजी (प्रथिन सुरू होण्याच्या खुणा) आहेत, एक ८३व्या बेसवर आणि दुसरा १०४व्या. दुसऱ्यापासून मोजलं तर कोडॉन (तीन अक्षरांचा गट) ८३, पहिल्यापासून मोजलं तर ९०. कोणता धरला ते लिहिलं नाही तर तक्त्यात एकच बदल दोनदा मोजला जातो.

मुख्य अडचण ही की ३५०जी ए वंशातही सापडतो आणि डी वंशातही. एकटा ३५०जी असेल तर तो बहुधा ए. सोबत १४५टी, २८६ए, २८९जी, ३३५टी आणि ५३२जी असतील तर डी. १७८जी दिसला तर ए४ची शंका घ्या आणि ई७मध्ये ६४७जी आहे का ते पाहून खात्री करा. म्हणजे निदान ई६ संपूर्ण वाचलंच पाहिजे, जमलं तर ई७ आणि एलसीआरही (जनुकांवर नियंत्रण ठेवणारा भाग). फक्त ३५०साठी रिस्ट्रिक्शन एन्झाइम (ठरावीक क्रमावर डीएनए कापणारं) लावून ‘जी आहे / नाही’ असा तक्ता केलात तर ए आणि डीची सरमिसळ होईल. या दोघांच्या जोखमीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रेसिडेंट_सोलापूर

धन्यवाद सर. जमीन-अस्मान म्हणजे नेमका किती? आणि ज्यात बदल जास्त तो विषाणू जास्त घातक, असं ढोबळमानाने धरता येईल का?

जनुकवाचक

अजिबात नाही, उलट आहे. २०१७ मध्ये ५,५७० एचपीव्ही १६ नमुन्यांचे पूर्ण जनुकसंच वाचले गेले. ज्या बायकांचा संसर्ग आजारापर्यंत गेला नव्हता, त्यांच्या विषाणूंत ई७मध्ये सुटे सुटे, प्रथिन बदलणारे फरक बरेच होते. कर्करोगाच्या नमुन्यांत ई७ जवळजवळ अक्षर न अक्षर शाबूत. ई७चं प्रथिन आरबी या पेशीच्या रखवालदाराला धरून निकामी करतं. तिथे काही बिघडलं तर विषाणू पेशीला कर्करोगाकडे नेऊ शकत नाही. म्हणून ‘म्युटेशन जास्त म्हणजे वाईट’ हे गृहीतक प्रस्तावनेतूनच काढून टाका. बरेचसे सुटे बदल आपल्याच पेशीतल्या एपोबेक एन्झाइममुळे होतात, सीच्या जागी टी आणून. ते शरीराच्या प्रतिकाराची खूण असतात.

जोखमीचं सांगायचं तर २०१६ मध्ये ३,२०० बायकांच्या नमुन्यांवर झालेल्या अभ्यासात ए१/ए२च्या तुलनेत ए४, डी२, डी३ यांचा सीआयएन ३ आणि कर्करोगाशी संबंध ठळक निघाला. डी२ आणि अ‍ॅडिनोकार्सिनोमा यांचा संबंध तर शंभरपटीहून जास्त होता. पण डी२च्या केसेस थोड्या, त्यामुळे विश्वास-अंतराल फार रुंद. दिशा पक्की, आकडा ढिला, असं समजा.

एकट्या ३५०जीबद्दल मात्र देशोदेशीचे निकाल एकमेकांना काटतात. कुठे तो रेंगाळणाऱ्या संसर्गाशी जोडलेला दिसला, कुठे काहीच नाही, आणि युरोपातच दोन देशांत चित्र वेगळं निघालं. एक कारण एचएलए, म्हणजे विषाणूचे तुकडे प्रतिकारशक्तीला दाखवणारी आपल्या पेशींवरची प्रथिनं. ई६चा तो तुकडा प्रतिकारशक्तीला कितपत दिसतो हे त्या लोकसंख्येच्या एचएलएवर अवलंबून असतं. दुसरं कारण नमुने निवडण्याची पद्धत, त्यावर संख्याशास्त्रवाले बोलतीलच.

स्लाइडवाले

जुन्या ब्लॉकांबद्दल लिहितो, कारण घोळ तिथेच होतो.

फॉर्मॅलिनमध्ये डीएनएचे तुकडे पडतात. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ४८ तास राहिलेला नमुना चालतो. शुक्रवारी संध्याकाळी टाकला आणि लागून सुट्ट्या आल्या, किंवा बफर न घातलेलं फॉर्मॅलिन वापरलं, तर त्या ब्लॉकवर वेळ घालवू नका. ब्लॉक चालेल की नाही हे बीटा-ग्लोबिन या माणसाच्याच जनुकावर तपासा. पीसी०४/जीएच२० प्राइमरांचा २६८ बेसचा तुकडा उठला नाही, तर ५०० बेसचा ई६ एका दमात उठणार नाही. पीसी०३/पीसी०४चा ११० बेसचा तुकडा तरी उठतोय का पाहा. तो उठला तर ई६ दीडशे ते दोनशे बेसच्या एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांत वाढवा.

दुसरं, फॉर्मॅलिनमुळे सायटोसिनचं युरॅसिल होतं आणि पीसीआरमध्ये ते टी म्हणून वाचलं जातं. म्हणजे सी→टी असे खोटे बदल दिसतात, आणि जनुकवाचक सरांनी वर सांगितलेले एपोबेकचे बदलही नेमके तसेच दिसतात. त्यामुळे ब्लॉकमधला एकही सुटा सी→टी बदल, युरॅसिल-डीएनए-ग्लायकोसिलेजने आधी प्रक्रिया केल्याशिवाय आणि मूळ डीएनएवर दुसऱ्यांदा वेगळी पीसीआर करून तो पुन्हा दिसल्याशिवाय, मांडू नका. ३५०चा टी→जी यात येत नाही, तेवढं बरं.

तिसरं, मायक्रोटोम (ब्लॉकचे पातळ छेद कापायचं यंत्र). प्रत्येक ब्लॉकनंतर ब्लेडचा नवा भाग घ्या, फोर्सेप्स आणि धारक झायलीन व अल्कोहोलने पुसा, आणि दर काही ब्लॉकांमागे एक कोरा पॅराफिन ब्लॉक कापून त्याचीही पीसीआर करा. कोऱ्यात १६ आला तर त्या दिवसाचं सगळं कापकाम बाद. पहिला आणि शेवटचा छेद एच अँड ई (नेहमीचं रंगकाम) करून पाहा, मधले छेद डीएनएसाठी. नाहीतर ब्लॉकवर सीआयएन ३ लिहिलेलं असतं आणि मधल्या छेदात ती जागा कापून संपलेली असते.

श्रेणीबद्दलही बोलू. सीआयएन २ ही डळमळीत श्रेणी आहे, दोन पॅथॉलॉजिस्टांचं तिथे सर्वांत कमी जुळतं. पी१६ या प्रथिनाचा रंग लावा. खालपासून वरपर्यंत सलग, ठळक रंग आला तरच उच्च श्रेणी धरा. तुटक-तुटक ठिपक्यांना पॉझिटिव्ह म्हणू नका. दोघांनी व्हेरिएंटचा निकाल न बघता वेगवेगळं वाचायचं आणि काप्पा (दोघांचं किती जुळलं ते सांगणारा) आकडा द्यायचा.

डॉ_कॉल्पो

नवीन नमुन्यांसाठी क्रम पाळा. स्पेक्युलम, मग एचपीव्हीचा ब्रश, आणि त्यानंतरच अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. शिबिरांत सवयीने आधी व्हिनेगर लावतात आणि मग आठवण होते. व्हीआयएसाठी (हे द्रावण लावून मुख नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची तपासणी) ५ टक्के द्रावण म्हणजे ५ मिली ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड ९५ मिली ऊर्ध्वपातित पाण्यात, रोज ताजं. लावल्यावर पूर्ण १ मिनिट थांबायचं. उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरलं तर फिकट डाग सुटतात.

बाटलीतलं माध्यम बघून घ्या. थिनप्रेपचं माध्यम मेथॅनॉलचं आहे, डीएनएला बरं. शुअरपाथमध्ये थोडं फॉर्मल्डिहाइड असतं, त्यात लांब तुकडे नीट उठत नाहीत. दोन्ही माध्यमं एकाच अभ्यासात मिसळू नका. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार असतो, उन्हात उभ्या जीपमध्ये त्याहून कितीतरी जास्त. या बाटल्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. गार पेटी हवीच, बर्फाच्या पिशव्या बाटलीला थेट न टेकवता. लॅबमध्ये आल्याबरोबर डीएनए काढून त्याचे तीन-चार छोटे भाग करून गोठवा. एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवली की लांब तुकडे उठेनासे होतात.

डी२ आणि अ‍ॅडिनोकार्सिनोमाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ग्रंथींचा आजार मुखाच्या आत, कालव्यात लपतो. व्हीआयएत तो सहसा दिसत नाही, पॅपमध्येही (पेशींच्या तपासणीत) निसटतो. पाळी गेलेल्या बाईत ट्रान्सफॉर्मेशन झोन (हा आजार जिथे बहुधा सुरू होतो तो पट्टा) आत सरकलेला असतो, तिथे व्हिनेगरवर विसंबणं धोक्याचं. या बायकांसाठी एचपीव्ही तपासणीच योग्य, आणि १६ किंवा १८ आली तर एंडोसर्व्हायकल नमुना घेतल्याशिवाय ‘नॉर्मल’ लिहू नये.

आशागट_अक्कलकोट

गटप्रवर्तक आहे, तुमचं सगळं कळलं असं म्हणणार नाही, पण एक विचारते. तपासणीत एचपीव्ही निघाला की बायका घाबरतात. ‘माझा विषाणू जहाल आहे का, मला कॅन्सर होणार का’, हाच प्रश्न. काही जणी लगेच पिशवी काढायला निघतात. त्यांना व्हेरिएंटची तपासणी करायला सांगायचं का? आणि लस या सगळ्या व्हेरिएंटना चालते का?

डॉ_कॉल्पो

ताई, व्हेरिएंटची तपासणी नाही सांगायची. ती आज संशोधनाची गोष्ट आहे. ए निघो की डी, उपचार तोच राहतो. कुणी पैसे घेऊन असा रिपोर्ट देऊ करत असेल तर बाईला त्या खर्चात पडू देऊ नका.

त्यांना एवढं सांगा. एचपीव्ही निघणं म्हणजे कॅन्सर नाही. दहातले जवळपास नऊ संसर्ग दोन वर्षांत शरीरच घालवतं. धोका असतो तो न गेलेल्या संसर्गाचा, आणि त्यातही १६ नंबरचा. म्हणून रिपोर्टवर १६ किंवा १८ आहे का ते बघा. असेल तर थेट कॉल्पोस्कोपीला (भिंगातून मुखाची तपासणी) पाठवा. दुसरा धोक्याचा प्रकार असेल तर व्हीआयए करून पुढचं ठरतं. डाग पूर्ण दिसत असेल, कालव्यात गेलेला नसेल, मुखाच्या पाऊण भागापेक्षा कमी असेल आणि कॅन्सरची शंका नसेल, तर थर्मल अ‍ॅब्लेशन करता येतं. साधारण १०० अंशांचा प्रोब, २० ते ३० सेकंद, भूल लागत नाही. डाग आत गेला असेल तर लीप (विजेच्या तारेने तो भाग कापून काढणं). दोन्हींनंतर १२ महिन्यांनी पुन्हा एचपीव्ही तपासणी. इथेच सगळ्यात जास्त गळती होते. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बाई येत नाही. तुमच्या वहीत त्या तारखेचा वेगळा रकाना करा.

सीआयएन ३ तसाच सोडला तर काय होतं, हे न्यूझीलंडमधल्या जुन्या नोंदींवरून दिसलंय. ३० वर्षांत साधारण ३१ टक्के बायकांना कॅन्सर झाला. उलट सीआयएन २च्या निम्म्या केसेस दोन वर्षांत आपोआप मागे फिरतात. म्हणून प्रत्येकीला एकच घाई नको.

पिशवीबद्दल ठामपणे सांगा: मुखाची तपासणी झाल्याशिवाय पिशवी काढायची नाही. आत कॅन्सर लपलेला असेल आणि साधी पिशवी काढली, तर ते अपुरं ऑपरेशन होतं आणि पुढचा उपचार अवघड होऊन बसतो. संबंधानंतर रक्त, पाळी बंद झाल्यावर अंगावरून जाणं, दुर्गंधीचं पाणी, यातलं काही असेल तर शिबिराची वाट न बघता सिव्हिलला किंवा बार्शीला पाठवा.

जनुकवाचक

लसीचं उत्तर: हो, चालते. १६चे सगळे वंश प्रतिपिंडांच्या दृष्टीने एकच आहेत. एका वंशाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं बाकीच्यांनाही अडवतात. सर्व्हाव्हॅक या भारतीय लशीत ६, ११, १६, १८ हे प्रकार आहेत, आणि जगभरातले जवळपास ७० टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग १६-१८मुळे होतात. लस आधीच असलेला संसर्ग घालवत नाही, म्हणून ती मुलींना लहान वयात द्यायची आणि मोठ्या बायकांची तपासणी करायची. एका डोसवर मिळणाऱ्या संरक्षणाचा जो भारतातला पुरावा जागतिक आरोग्य संघटनेने विचारात घेतला, त्या बहुकेंद्री अभ्यासाचं एक केंद्र बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय होतं. आपल्या जिल्ह्यातल्या लोकांनी हे जरूर सांगावं.

संख्येचा_माणूस

आता प्रबंधाचं गणित. समजा कमी श्रेणीत ३५०जी ५० टक्के आहे आणि उच्च श्रेणीत ६५ टक्के. हा फरक ८० टक्के पॉवरने (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) पकडायला प्रत्येक गटात १७० च्या आसपास नमुने लागतात. तेही फक्त १६-पॉझिटिव्ह, वाचता आलेले. शिबिरात १० टक्के बायका एचपीव्ही पॉझिटिव्ह आणि त्यातल्या चौथाई १६च्या असं धरलं, तर १७० मिळायला ६,८०० बायका तपासाव्या लागतील. दीड-दोन वर्षांत एका रेसिडेंटला हे झेपणार नाही. ४०-४० नमुने घेऊन ‘संबंध आढळला नाही’ लिहिणं म्हणजे काहीच न सांगणं. त्यापेक्षा ‘सोलापूर जिल्ह्यातल्या एचपीव्ही १६चे ई६-ई७ वंश’ असा वर्णनात्मक अभ्यास करा आणि श्रेणीनुसार वाटणी दुय्यम ठेवा. वंशांचा नीट नकाशा हेही मोठं काम आहे.

गट निवडताना एक सापळा आहे. कॅन्सरच्या केसेस बार्शीहून आणि कमी श्रेणीचे नमुने शहरातल्या शिबिरातून घेतले, तर दोन गटांतल्या बायकाच वेगळ्या. सोलापूर शहरात पूर्व भागात तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबं, अक्कलकोटकडे कन्नड, माढा-बार्शीकडे मराठी. विषाणूचे वंश माणसांबरोबर फिरलेत आणि एचएलएही समाजागणिक बदलतं. तुम्हाला दिसलेला ‘व्हेरिएंटचा परिणाम’ खरं तर गावाचा फरक असू शकतो. दोन्ही गट एकाच रुग्णालयातून घ्या आणि घरची भाषा व मूळ गाव नोंदवा.

तंबाखूचा रकानाही नीट पाडा. धूम्रपानाचा या कर्करोगाशी संबंध पक्का आहे. विडी ओढणं, विडी वळणं, मिश्री आणि जर्दा असे चार वेगळे रकाने हवेत. आपल्याकडे विडी वळणाऱ्या बायका खूप आहेत, आणि ‘विडी: हो’ एवढंच लिहिलं तर त्या नोंदीचा काही उपयोग नाही. वय, बाळंतपणं, एचआयव्ही आणि गर्भनिरोधक गोळ्या पाच वर्षांहून जास्त घेतल्या का, हे तर हवंच. एचआयव्ही असलेल्या बाईला हा कर्करोग होण्याची जोखीम साधारण सहापट असते. त्या नोंदी वेगळ्या तपासा.

आणखी एक, हा अभ्यास एका क्षणाचा आहे. सीआयएन १ची बाई उद्या सीआयएन ३ होणार की बरी होणार, हे त्यात कळत नाही. त्यामुळे ‘३५०जीमुळे आजार वाढतो’ असं वाक्य निष्कर्षात येता कामा नये.

स्लाइडवाले

संख्येचा माणूस यांना पूर्ण अनुमोदन. भर एवढीच, की आपल्या भागाला या कामाची परंपरा आहे. बार्शी, परांडा, भूमची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू आहे. शेजारच्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर जो अभ्यास झाला, त्याने एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने पुढच्या आठ वर्षांत वाढलेल्या टप्प्यातले कर्करोग आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचं २००९ मध्ये दाखवलं. तिथे व्हेरिएंट कुणी पाहिला नव्हता. विषाणू आहे की नाही एवढंच पाहिलं आणि उपचार केले. प्रस्तावनेत हे जरूर घ्या, म्हणजे परीक्षकालाही कळेल की आजच्या रुग्णाला काय उपयोगी आहे आणि तुमचं काम कशासाठी आहे.

रेसिडेंट_सोलापूर

खूपच मदत झाली. आराखडा बदलतोय: एकाच रुग्णालयातले नवीन नमुने, ई६-ई७ दोन्ही, वर्णनात्मक, ब्लॉक फक्त कर्करोगाच्या गटासाठी. सँगर पद्धतीने क्रम वाचताना एकाच जागी दोन शिखरं (दोन अक्षरांच्या खुणा) आली तर काय करायचं?

जनुकवाचक

आधी दोन्ही बाजूंनी वाचलंय का बघा. एकाच बाजूला दिसत असेल तर तो बहुधा गोंगाट. दोन्हीकडे असेल तर मूळ डीएनएवरून, उच्च अचूकतेचं पॉलिमरेज वापरून पुन्हा पीसीआर करा. साध्या टॅक पॉलिमरेजने स्वतःच्या चुका घुसतात. तरीही राहिलं तर दोन व्हेरिएंटचा मिश्र संसर्ग किंवा दूषितीकरण. एकाच पट्टीत शेजारशेजारच्या नमुन्यांत तीच जोडी दिसली तर दूषितीकरणच समजा. डीएनए काढण्याची, पीसीआर लावण्याची आणि जेल चालवण्याची जागा, पिपेट आणि अ‍ॅप्रन वेगळे ठेवा, आणि जेलच्या खोलीतून उलट कधी परत यायचं नाही. मिश्र नमुना ‘मिश्र’ म्हणूनच नोंदवा, मोठ्या शिखराच्या खात्यात टाकू नका. संदर्भासाठी पेव्ह (पॅपिलोमा विषाणूंच्या जनुकक्रमांचं) संकेतस्थळावरचा सुधारित १६चा क्रम घ्या. के०२७१८ या जुन्या संदर्भ-क्रमात वाचनाच्या चुका होत्या, त्याच्याशी जुळवलं तर सगळ्याच नमुन्यांत तेच ‘नवे’ बदल दिसतील.

डॉ_कॉल्पो

संमतीपत्र मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्हींत करा आणि वाचून दाखवा. त्यात व्हेरिएंटचा निकाल वैयक्तिक दिला जाणार नाही हे स्पष्ट लिहा. पण १६ किंवा १८ पॉझिटिव्ह आल्याचा निकाल आणि बायोप्सीची श्रेणी त्या बाईला ठरलेल्या मुदतीत कळवणं, आणि तिची कॉल्पोस्कोपीची तारीख लावणं, ही जबाबदारी कुणाची, त्याचं पद संमतीपत्रातच लिहा. सांकेतिक क्रमांक आणि नाव जोडणारी वही कुलपात असावी, पण ती उघडण्याचा अधिकार रजेच्या दिवशीही दुसऱ्या कुणाकडे तरी असावा. एथिक्स कमिटी नेमका हाच प्रश्न विचारेल.

आशागट_अक्कलकोट

१२ महिन्यांच्या तारखेचा रकाना आमच्या वहीत आजच करते. संमतीपत्राचं कन्नड झालं की मला पाठवा, आमच्याकडच्या बायकांना कोणते शब्द कळतील ते बघून देते.